झाकली मूठ आणि वीस मिनिटं

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूझवेल्ट अव्हेन्यूवर डोक्यावरून सात नंबरची लोकल धावते. गाडी आली की खालचं सगळं बोलणं थांबतं, आणि ती गेली की माणसं अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे उचलतात. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर आपली किराणा दुकानं, मिठाईवाले, सोनार. तिथून रूझवेल्टवर चार पावलं पुढे गेलं की मेक्सिको, कोलंबिया, इक्वादोरहून आलेल्यांची वस्ती लागते. तमाले विकणाऱ्या बायकांच्या हातगाड्या, गावी पैसे पाठवून देणारी दुकानं, मधूनच स्पॅनिश गाणी लावलेले गे बार. या रस्त्यावर महिन्यातून दोन संध्याकाळी एचआयव्ही तपासणीची एक गाडी उभी राहते आणि मी तिच्या बाहेरच्या टेबलाशी स्वयंसेवक म्हणून बसते. फॉर्म भरून घ्यायचा, नंबर द्यायचा, थांबलेल्याला पाणी हवं का विचारायचं, एवढंच माझं काम.

इथे मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘हा रोग होतो कसा’ हा नाही. ते त्यांना ठाऊक असतं. माणूस टेबलापाशी येतो, रस्त्याकडे पाठ करून उभा राहतो आणि हळू आवाजात विचारतो, ‘माझं नाव कुणाला कळवता का?’

याचं खरं उत्तर लांबलचक आहे. तपासणी निगेटिव्ह आली तर काही प्रश्न नाही. पॉझिटिव्ह आली आणि पक्क्या तपासणीतही तेच निघालं, तर नाव राज्याच्या आरोग्य विभागाकडे जातं. एप्रिल २००८ पासून अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत अशी नावानिशी नोंद होते. ती नोंद कायद्याने गुप्त असते आणि इमिग्रेशनवाल्यांकडे जात नाही. काही केंद्रांवर नाव न सांगताही तपासणी करून मिळते. हे सगळं मी नीट, सावकाश सांगते. पण मध्येच वरून गाडी जाते, आणि समोरच्याच्या कानावर ‘नाव’ आणि ‘सरकार’ एवढे दोनच शब्द पोचलेले असतात. काही जण थांबतात. काही जण ‘आलोच’ म्हणून जातात आणि येत नाहीत.

त्या जाणाऱ्यांविषयी मला हा लेख लिहावासा वाटला. कारण लॅटिनो, म्हणजे मुळात लॅटिन अमेरिकेतल्या, समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांमध्ये एचआयव्हीची तपासणी कमी का होते, याचं जे उत्तर सर्रास दिलं जातं ते मला पटत नाही. उत्तर असं: या लोकांत जागृती नाही, मर्दानगीच्या कल्पना घट्ट आहेत, घरात उघड बोलणं नाही, म्हणून ते तपासायला येत नाहीत. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. पण हे उत्तर फार सोयीचं आहे. ते सगळा दोष त्या माणसाच्या घरावर टाकतं आणि ज्या खिडकीसमोर तो उभा असतो त्या खिडकीला मोकळं सोडतं.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो साधारण १९ टक्के. २०२२ साली एचआयव्हीची जी नवी लागण झाली असा अंदाज आहे, तिच्यात त्यांचा वाटा ३३ टक्के. २०१८ ते २०२२ या चार वर्षांत देशभरात नवी लागण १२ टक्क्यांनी घटली. गोऱ्या समलैंगिक-उभयलैंगिक पुरुषांत ती कमी झाली, काळ्या पुरुषांतही झाली. लॅटिनो पुरुषांत मात्र होती तिथेच राहिली. दरवर्षी नव्याने लागण होणाऱ्या समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांत आज सगळ्यात मोठी संख्या त्यांची आहे. एचआयव्ही असलेल्या लॅटिनोंपैकी सहांतल्या एकाला आपल्याला तो आहे हेच माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यावर उपचार नाहीत, आणि उपचार नाहीत म्हणजे लागण पुढे जात राहणार. उलट, औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला त्याच्याकडून शरीरसंबंधांतून लागण होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे. स्पॅनिशमध्ये याची घोषणा आहे: इंदेतेक्ताब्ले, इंत्रान्समिसिब्ले. मोजण्यापलीकडे, म्हणून पसरण्यापलीकडे. सगळी साखळी त्या पहिल्या तपासणीपासून सुरू होते.

‘लॅटिनो’ म्हणजे एकच समाज नव्हे, हेही सांगायला हवं. प्वेर्तो रिकोचा माणूस जन्मानेच अमेरिकेचा नागरिक असतो. टेक्सासमध्ये अशी मेक्सिकन घराणी आहेत की सीमारेषा त्यांच्या दारावरून सरकत गेली, ती कुठे गेली नाहीत. आणि रूझवेल्टवर रात्री अकराला हॉटेलची भांडी घासून सुटणारा मुलगा सहा महिन्यांपूर्वी इक्वादोरहून आलेला असतो. पहिल्याला जे अडवत नाही ते तिसऱ्याला अडवतं. मी मुख्यतः या तिसऱ्याबद्दल लिहिते आहे, कारण टेबलापाशी येऊन परत जातो तो बहुधा हाच. बऱ्याच जणांना लागण मायदेशात झालेली नसते, इथे आल्यावर होते. म्हणजे त्याला गाठायला या देशाच्या हातात पुरेसा वेळ होता.

आता जागृतीचं. १९९४ साली एमटीव्हीवरच्या एका कार्यक्रमात पेद्रो सामोरा नावाचा बावीस वर्षांचा मुलगा घराघरांत दिसायचा. हवानात जन्मलेला, १९८० मध्ये मारिएल बंदरातून निघालेल्या बोटींतून आईवडिलांबरोबर फ्लोरिडात आलेला. सतराव्या वर्षी शाळेतल्या रक्तदानातून त्याला आपल्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्यानंतर तो शाळाशाळांत जाऊन बोलला, १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष दिली. ११ नोव्हेंबर १९९४ ला, त्या कार्यक्रमाचा शेवटचा भाग दाखवला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो गेला. एका क्यूबन मुलाने आपलं नाव, चेहरा, प्रियकर, आजार, सगळं देशासमोर ठेवलं त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. न्यूयॉर्कमधला लॅटिनो कमिशन ऑन एड्स १९९० पासून काम करतो आहे, लॉस एंजेलिसमधली बिएनेस्तार ही संस्था १९८९ पासून. १५ ऑक्टोबर हा लॅटिनोंचा एड्सजागृती दिन २००३ पासून पाळला जातो. २०१३ साली सरकारने खास लॅटिनो समलैंगिक पुरुषांसाठी दोन भाषांत ‘रासोनेस’ नावाची मोहीम काढली. रासोनेस म्हणजे कारणं, तपासणी करून घेण्याची कारणं. जागृतीच्या नावाने जे करायचं ते झालं आहे, आणि ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. कारणं मात्र माणसाला आधीपासून माहीत होती. त्याच्याकडे न येण्याचीही कारणं होती, आणि त्यांना पोस्टरवर जागा नव्हती.

मर्दानगीचा मुद्दा घेऊ. माचिस्मो हा शब्द इथल्या आरोग्यखात्यात इतक्या सहज वापरला जातो की जणू तो रक्तगट आहे. मग मला पेरूच्या राजधानीचं लिमा शहर आठवतं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची जी गोळी आहे, प्रेप, ती उपयोगी पडते हे ज्या अभ्यासाने पहिल्यांदा दाखवून दिलं त्याचं नाव आयप्रेक्स. निष्कर्ष नोव्हेंबर २०१० मध्ये आले. एकूण २,४९९ पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया त्यात सहभागी झाल्या होत्या आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या पेरूमधले होते. शिवाय इक्वादोरमधले होते, ब्राझीलमधले होते. पुरुषांशी संबंध ठेवतो हे सांगून ही माणसं दर चार आठवड्यांनी दवाखान्यात गेली, तपासणी करून घेतली, गोळ्यांचा हिशेब दिला. गोळी दिलेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी निघाली, आणि जे खरोखर नियमित घेत होते त्यांच्यात त्याहून कितीतरी कमी. त्या बळावर जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत प्रेपला मंजुरी मिळाली. म्हणजे लिमात आणि इक्वादोरमधल्या ग्वायाकिलमध्ये, मर्दानगीच्या ऐन घरात, जे पुरुष महिन्याच्या महिन्याला आले, त्यांचेच भाऊबंद क्वीन्समध्ये आल्यावर तपासणीला यायला तयार नाहीत. संस्कृती तर तीच आहे. बदललेलं काय आहे?

खिडकी बदललेली आहे. या देशाच्या कायद्याने त्या खिडकीवर काय काय लिहून ठेवलं होतं, ते एकदा वाचायला हवं. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचा आधार घेऊन समलैंगिक माणसाला सीमेवरूनच परत पाठवत असत. १९६५ मध्ये ते शब्द आणखी स्पष्ट केले गेले आणि १९९० पर्यंत ती बंदी पुस्तकात होती. १९८७ मध्ये एचआयव्ही हा प्रवेश नाकारण्याचा आजार ठरला, १९९३ मध्ये काँग्रेसने तो कायद्यातच घातला. ४ जानेवारी २०१० रोजी ही बंदी उठली. बावीस वर्षांहून अधिक काळ या देशात कायमचं राहू इच्छिणाऱ्याच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची होती, आणि ती पॉझिटिव्ह आली तर काही मोजक्या सवलती सोडता दार बंद होत असे.

हे आपल्यापैकी अनेकांनी केलेलं आहे, लक्षात मात्र राहिलेलं नाही. २०१० च्या आधी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे ज्यांनी ग्रीन कार्डासाठी मेडिकल केलं, त्यांचंही रक्त एचआयव्हीसाठी तपासलं गेलं होतं. आपल्या लेखी तो पासपोर्टच्या फोटोसारखा एक सोपस्कार होता. दुसऱ्या दिवशी विसरून गेलो. पण ज्याला मनात शंका होती, त्याच्या दृष्टीने तपासणी आणि हद्दपारी या एकाच वाक्यातल्या दोन गोष्टी होत्या. अशा गोष्टी कायदा बदलला म्हणून माणसांच्या तोंडून जात नाहीत. चुलतभाऊ चुलतभावाला सांगतो, आधी आलेला नंतर आलेल्याला सांगतो. रूझवेल्टवरचा पंचविशीतला मुलगा २०१० साली शाळेत होता, तरी त्याला ते वाक्य पाठ असतं.

आणि ते पुसलं जाईल असं पुढे काही घडलंही नाही. २०१९ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम कडक केला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो लागू झाला, मार्च २०२१ मध्ये मागे घेतला. एचआयव्ही तपासणीचा त्या नियमाशी संबंध नव्हता. पण ज्याला वकील परवडत नाही तो नियमातली कलमं वाचत बसत नाही, तो सरकारी रंगाच्या प्रत्येक दारापासून लांब राहतो. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. रुग्णालयं, शाळा, चर्च अशा ठिकाणी इमिग्रेशनच्या धाडी शक्यतो घालायच्या नाहीत, असं जे धोरण होतं ते रद्द केलं गेलं. त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी आमच्या टेबलापाशी बराच वेळ कुणीही आलं नाही. समोरच्या फुटपाथवरून माणसं जात होती. गाडीवरचा पांढरा रंग, त्यावरची निळी अक्षरं, आत बसलेली गणवेशातली नर्स, हे सगळं त्यांना कसं दिसत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अशा माणसाला ‘जागृती नाही’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो पुरेपूर जागा आहे. तो दुखणं अंगावर काढतो, कारण त्याच्या हिशेबात दुखण्यापेक्षा कागद जास्त धोक्याचा आहे. हिशेब चुकतो हे खरं, पण त्या हिशेबातले आकडे त्याला या देशानेच दिलेले आहेत.

घरातल्या शांततेबद्दलही मला वेगळं म्हणायचं आहे. स्पॅनिशमध्ये ‘एल के दिरान’ असा शब्दप्रयोग आहे, शब्दशः ‘ते काय म्हणतील’. आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही, ‘लोक काय म्हणतील’ हेच आपल्याही घरांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. २००२ साली मेक्सिकोचे लाडके गायक हुआन गाब्रिएल यांना मुलाखतकाराने टीव्हीवर विचारलं, तुम्ही गे आहात असं म्हणतात, खरं का? ते म्हणाले, जे दिसतं ते विचारायचं नसतं. हे उत्तर अख्ख्या लॅटिन अमेरिकेत म्हणीसारखं वापरलं जातं. मला ते अळीमिळी गुपचिळी वाटत नाही. ती झाकली मूठ आहे, सव्वा लाखाची. आईला माहीत असतं, बहिणीला माहीत असतं, रविवारी जेवायला ‘मित्र’ बरोबर येतो, त्याला मायेने वाढलं जातं आणि शब्द कुणीच उच्चारत नाही. कित्येक घरं या न उच्चारलेल्या शब्दावरच एकत्र राहिलेली आहेत. मूठ उघडायची किंमत काय असते हेही या वस्तीला माहीत आहे. २ जुलै १९९० च्या रात्री जॅक्सन हाइट्समधल्या एका शाळेच्या आवारात हुलिओ रिवेरा या प्वेर्तो रिकन तरुणाला तो गे आहे म्हणून ठार मारण्यात आलं. त्याच्या मृत्यूनंतर इथली माणसं एकत्र आली, १९९३ मध्ये क्वीन्सचा पहिला प्राइड मोर्चा याच रस्त्यांवरून निघाला, आणि आज इथल्या एका चौकाला त्याचं नाव आहे. मोर्चात चालणारे होते, तसेच खिडकीच्या पडद्याआडून पाहणारेही होते. तपासणी दोघांनाही हवी.

आमची व्यवस्था मात्र मोर्चात चालणाऱ्यासाठी घडवलेली आहे. फॉर्मवर विचारतात: तुम्ही गे, बायसेक्शुअल की स्ट्रेट? आरोग्य कार्यक्रमांत ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असा शब्द याच अडचणीतून आला, ओळखीचं नाव टाळून कृतीबद्दल बोलता यावं म्हणून. पण व्यवहारात त्याचंही एक लेबलच झालं. लग्न झालेला, मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातल्या गावी दोन मुलं असलेला, इथे एकटा राहणारा माणूस या तीनपैकी कुठल्याही चौकटीत खूण करणार नाही. तो खोटं बोलतो असं नाही. त्याच्या आयुष्यात तो शब्दच नाही. मग फॉर्म त्याला ‘स्ट्रेट’ समजतो, समुपदेशक त्याला जोखीम कमी असल्याचं सांगतो, आणि तो सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. त्याची जोखीम आहे तेवढीच राहते. उभयलैंगिक पुरुषांबद्दल तर याहून वाईट. गे बारबाहेर उभ्या केलेल्या गाडीत ते येत नाहीत आणि कुटुंबाच्या दवाखान्यात त्यांना कुणी विचारत नाही.

मला हे मान्य आहे की मौन जीवघेणं ठरू शकतं, आणि ज्यांनी ते तोडलं त्यांच्यामुळेच आज औषधं, कायदे, ही गाडीसुद्धा आहे. माझ्याबरोबर गाडीवर काम करणारा समुपदेशक स्वतः एचआयव्हीसह जगतो आणि सगळ्यांना ते सांगतो. त्याचं म्हणणं आहे की मी मौनाला फार समजून घेते. ‘एकाने तरी मोठ्याने बोलल्याशिवाय दुसऱ्याचा धीर होत नाही,’ असं तो म्हणतो, आणि त्याच्या बोलण्याने धीर आलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण पेद्रो सामोराइतकं धैर्य ही तपासणीची पूर्वअट असू शकत नाही. ज्याच्यात ते नाही त्यालाही जगायचं आहे. तपासणीने त्याच्या मुठीला हात न लावता आपलं काम करायला हवं.

आणि ते काम किती छोटं आहे! काडीच्या टोकाला मऊ पट्टी. वरच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, खालच्या हिरडीवरून एकदा. रक्त नाही, सुई नाही. पट्टी छोट्या बाटलीतल्या द्रवात उभी करायची आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पुढची पक्की तपासणी. याला विंडो पिरियड असतो, गेल्या तीन महिन्यांतली लागण ही पट्टी चुकवू शकते, म्हणून शंका ताजी असेल तर प्रयोगशाळेतली रक्ततपासणी करावी लागते. हेच किट जुलै २०१२ पासून घरी वापरायलाही मंजूर आहे. त्या वीस मिनिटांत काही जण फोनमध्ये डोकं घालतात, काही माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलतात कारण त्यांच्या हॉटेलातला आचारी बांगलादेशी आहे. एकाने गावाकडच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि वीस मिनिटं तिच्या कोंबड्या बघत बसला. तिला तो कुठे बसलाय ते माहीत नव्हतं. निकाल निगेटिव्ह आला तेव्हा फोन चालूच होता, त्याने नुसती मान हलवली.

हे सगळ्यांनाच, कुणालाही वेगळं न काढता करता येतं. त्याची वाट नवीन शोधायची नाही. सप्टेंबर २००६ मध्ये केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, सांगितलं की १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी नेहमीच्या तपासण्यांबरोबर व्हावी. करणार आहोत एवढं सांगायचं, नको म्हणाल तर नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये कायदाच केला की रुग्णालयाने आणि प्राथमिक दवाखान्याने ही तपासणी देऊ केलीच पाहिजे. जिथे हे मनापासून पाळलं जातं तिथे पाठदुखीसाठी आलेल्या भांडीवाल्याच्या साखरेबरोबर, कोलेस्टेरॉलबरोबर एचआयव्हीही बघितला जातो. कुणी त्याला तू कोण म्हणून विचारत नाही. वेटिंग रूममधल्या शेजारणीला काही कळत नाही. मला हा मार्ग सगळ्यात माणुसकीचा वाटतो. अडचण ही की कायदा देऊ करायला सांगतो, आणि घाईतला डॉक्टर कुणाला द्यायचं ते चेहरा बघून ठरवतो. लग्नाची अंगठी दिसली की तो प्रश्न गाळतो. शिवाय ज्याच्याकडे विमा नाही तो पाठ मोडेपर्यंत दवाखान्यात जातच नाही. म्हणून दवाखान्यातली सरसकट तपासणी आणि रस्त्यावरची गाडी, दोन्ही लागतात. एकीकडे बोट दाखवून दुसरीचे पैसे कापणं बरोबर नाही. आणि कापले जात आहेत: एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातल्या कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आलं, तेही २०३० पर्यंत नवी लागण ९० टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट याच सरकारी यंत्रणेने २०१९ मध्ये जाहीर केलेलं असताना.

तपासणीनंतरचं दार हा तर मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. १९९० मध्ये रायन व्हाइट या मुलाच्या नावाने जो कायदा झाला, त्यातून एचआयव्ही असलेल्या गरीब, विमा नसलेल्या माणसाला औषधोपचार मिळतात आणि त्यासाठी इमिग्रेशनचा दाखला लागत नाही. हा या देशातला एक अतिशय चांगला कायदा आहे, आणि टेबलाशी बसल्यावर मी तो दर वेळी सांगते. पण त्या पैशातून प्रेपच्या गोळ्या देता येत नाहीत, कारण तो निधी लागण झालेल्यांसाठी आहे. आणि इथे राहण्याचे कागद नसलेल्याला सरकारी विमाबाजारात स्वतःच्या पैशाने विमाही विकत घेता येत नाही. म्हणजे रूझवेल्टवरच्या त्या मुलाची पट्टी निगेटिव्ह आली, तर लागण न होऊ देणाऱ्या गोळीसाठी त्याला स्थानिक योजना, सवलतीचे दवाखाने, अर्ज आणि दर तीन महिन्यांनी कामावरून सुट्टी, एवढं सगळं जुळवावं लागतं. पॉझिटिव्ह आली तर मात्र पक्का सरकारी आधार आहे. २०२२ मध्ये ज्यांना प्रेपचा उपयोग होऊ शकतो अशा गोऱ्या लोकांपैकी ९४ टक्क्यांच्या हातात ती पोचली होती, लॅटिनोंपैकी २४ टक्क्यांच्या आणि काळ्या लोकांपैकी १३ टक्क्यांच्या. मूळ कंपनीची गोळी महिन्याला हजार डॉलरच्या पुढे होती. आता जेनेरिक गोळ्या आहेत, त्यांत भारतीय कंपन्यांच्याही आहेत, आणि किंमत त्या मानाने नगण्य झाली आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने दिवसाला एका डॉलरहून कमी दरात एचआयव्हीची औषधं देऊ करून जगाला जे दाखवलं, ते अमेरिकेने या गोळीबाबत अजून नीट शिकायचं आहे. औषध स्वस्त झालं तरी ते मिळवण्याची पायपीट महाग राहिली.

एक विचित्र गाठ आणखी आहे. १९९४ मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी एका क्यूबन समलैंगिक माणसाचं प्रकरण पायंडा म्हणून जाहीर केलं आणि समलैंगिक असल्यामुळे मायदेशी छळ होतो या कारणावर इथे आश्रय मागता येऊ लागला. अर्ज देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. म्हणजे दवाखान्यात ज्याला तोंडातून शब्द काढायची भीती वाटते, त्यालाच न्यायाधीशासमोर तो शब्द पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. आमच्या टेबलावर वकिलांच्या मोफत सल्ल्याचं पत्रक ठेवलं तेव्हापासून थांबणाऱ्यांची संख्या वाढली, असं मला वाटतं. माणूस पत्रक घ्यायला येतो, वाचतो, आणि मग तपासणीचं विचारतो. ज्याला कागदाची भीती आहे त्याला आधी कागदाबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगाव्या लागतात. एचआयव्हीच्या निधीतून वकिलाचा खर्च कशाला, असं विचारणारे असतात. मी त्यांना रस्त्यावर एक संध्याकाळ बसायला बोलावते.

आमच्या फॉर्मचा पहिला रकाना ‘जन्मदेश’ होता. तो का हवा, तर आकडेवारीसाठी, आणि आकडेवारी लागते हे मलाही कळतं, या लेखातले आकडे तिथूनच आले आहेत. पण पेन हातात घेतलेला माणूस त्या रकान्याशी थांबायचा हे मी इतक्या वेळा पाहिलं की शेवटी आम्ही काही जणांनी लेखी मागणी केली. दीड वर्ष गेलं. आता पहिल्या पानाच्या सुरुवातीला फक्त तीन प्रश्न आहेत: शेवटची तपासणी कधी केली, कोणती भाषा सोयीची, आणि निकाल समोरासमोर सांगू की फोनवर. जन्मदेश दुसऱ्या पानावर गेला, पट्टी बाटलीत ठेवल्यानंतरच्या वीस मिनिटांत विचारायचा, आणि ‘सांगायचं नाही’ अशी चौकट त्याच्याशेजारी आली. पत्त्याचा रकाना अजून पहिल्याच पानाच्या तळाशी आहे. तो हलवायचा की काढूनच टाकायचा, यावर पुढच्या महिन्यात बैठक आहे. माझं मत काढून टाकावा असं आहे, आणि फोन नंबर पुरेसा आहे हे दाखवायला मी गेल्या सहा महिन्यांचे, पत्ता कोरा सोडलेले फॉर्म मोजून ठेवले आहेत.